सातवी मुदतवाढ

तुम्ही खोटं बोललात. लोक कुठल्या दिवशी 'आता पुरे' म्हणतात तो दिवस शोधून द्या, म्हणजे वेळीच सावध होता येईल, असं तुम्ही तुमच्या खात्याच्या पत्रात लिहिलंत. सावध कोण होणार, ते लिहिलं नाहीत. आणि सरकारी कागद वाचण्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या रेणुका वैतीने ते विचारलं नाही.

खाडीकाठच्या त्या नगरात चौदा वर्षांत निवडणूक झाली नव्हती. प्रशासक सहा महिन्यांसाठी आला आणि सहा मुदतवाढी घेऊन बसला. नळाला पाणी होतं, रस्ते गुळगुळीत होते. खाडीपलीकडे रेणुकाचा कोळीवाडा होता, आणि तो पाडून तिथे जहाजांचा नवा धक्का व्हायचा होता. निवडून आलेली सभा असती तर तिला वाड्याची हरकत ऐकावीच लागली असती. प्रशासकाला तसं बंधन नव्हतं. सातवी मुदतवाढ द्यायची की निवडणूक घ्यायची, हे रेणुकाच्या अहवालावर ठरणार होतं.

तिच्या प्रयोगशाळेत एक 'लोकप्रतिरूप' होतं. यंत्रात जगणारी रोम शहराची चाळीस हजार माणसं. थडग्यांवरचे लेख, दुकानांच्या याद्या, भिंतींवरची शिवीगाळ, सगळं वाचून यंत्राने ती घडवली होती. फुकट धान्याच्या रांगेतल्या बाया, मुतात कपडे तुडवणारे धोबी, हमामाची भट्टी पेटवणारे गुलाम, आणि फेलिक्स नावाचा एक तिरसट पाववाला. एका माणसाने सगळी सत्ता हळूहळू आपल्या हाती घेतली, सभा मात्र भरतच राहिली, त्या काळातली ही माणसं. रोज सकाळी यंत्र प्रत्येकाला विचारायचं, 'तुझ्या शहराचं कोण ठरवतं?' उत्तरांवरून रोजचा प्रतिकारांक निघायचा.

आठव्या वर्षी प्रतिकारांक उठावाची तांबडी रेषा ओलांडून गेला. यंत्रातलं रोम पेटलं.

"सापडला दिवस," रेणुका म्हणाली. "फादर, माझा वाडा वाचला."

फादर सायमन तुस्कानो वसईचे. तीस वर्षं पाद्री घडवणाऱ्या शाळेत लॅटिन शिकवलेलं, आता यंत्राला जुने लेख वाचून दाखवायचे. त्यांनी चष्मा पुसला.

"खऱ्या रोममध्ये असं काही झालं नाही गं."

"मग यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही, तू चुकलीस. माझ्याकडे पापनिवेदनाला माणसं यायची. दर शनिवारी विचारलं, की काय पाप केलंस? तर तो माणूस आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवायचा. न विचारलेला मजेत झोपायचा. तू या लोकांना रोज सकाळी विचारतेस. खऱ्या रोममध्ये त्यांना कोण विचारत होतं?"

मोजायला म्हणून घातलेल्या प्रश्नानेच माणसं जागी केली होती.

प्रश्न काढून तिने यंत्र पुन्हा चालवलं. आता फक्त बघायचं, चौकात कोण थांबतं, भिंतीवर काय खरडतं, आणि त्यावरून अंक काढायचा. रेषा आडवी पडली. वर्षं गेली. निवडणूक पाहिलेली म्हातारी माणसं मेली, नातवंडांना धान्य मिळत राहिलं. आजचा दिवस कालच्यापेक्षा वाईट नव्हता, आणि माणूस आजची तुलना कालशीच करतो, आजोबाच्या काळाशी नाही.

"संपलं," ती म्हणाली.

"हे उंचवटे कसले पण?" फादरांनी बोट ठेवलं.

आडव्या रेषेवर बारीक उंचवटे होते. प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित मोठा. तिने तारखा ताडून पाहिल्या.

"मुदतवाढी आहेत या."

"बरोबर. दहा वर्षं, मग पाच, पाच, दहा, दहा, दहा. रोमच्या त्या गृहस्थाने सत्ता कायमची कधी मागितलीच नाही. दर वेळी आपली मुदत. फार सभ्य माणूस." फादर हसले. "आपल्याकडच्यासारखा."

रेणुकाने फेलिक्सचं त्या दिवसाचं बोलणं उघडलं. दवंडी ऐकून पाववाला शेजारणीला म्हणाला होता, "वाढवली? म्हणजे आधीची संपली होती का? मग मला का नाही कुणी सांगितलं?"

चाळीस हजारांत आधी तीनशे माणसं अशी थबकली, पुढच्या खेपेला पाचशे, मग नऊशे. जुनी आठवण मरत होती, पण मुदतवाढच नवी आठवण जन्माला घालत होती. ज्या सत्तेला मुदत आहे ती संपू शकते, हे सांगत होती.

"सातव्या वेळी काय झालं?"

"सातवी आलीच नाही. तो म्हातारा होऊन मेला."

"यंत्रात त्याला मरू द्यायचं नाही."

सातव्या मुदतवाढीला प्रतिकारांकाने तांबडी रेषा ओलांडली. कुणी विचारलं नव्हतं, तरी ओलांडली. रेणुकाने तो आलेख अहवालाच्या पहिल्याच पानावर लावला. खाली ठसठशीत लिहिलं: सातवी मुदतवाढ दिल्यास लोक उठतील, निवडणूक घ्यावी. वाड्यावर फोन करून भावाला सांगितलं, "सामान बांधू नकोस."

बाराव्या दिवशी तुमचा आदेश आला. अहवाल अत्यंत उपयुक्त असल्याचं तुम्ही कळवलंत. सातवी मुदतवाढ तुम्ही दिली नाहीत. निवडणूकही लावली नाहीत. पुढे एकच ओळ: 'प्रशासकाच्या नियुक्तीपत्रातील मुदतीचा रकाना वगळण्यात येत आहे.' आणि दरवर्षी त्या तारखेला नगरसुखदिन, सुट्टी, शाळांतून बुंदीवाटप.

फादरांनी कागद दोनदा वाचला आणि खाली बसले.

"त्या म्हाताऱ्यानंतरच्या दुसऱ्या बादशहाच्या वेळी रोमनांनीही मुदत लिहिली नव्हती," ते म्हणाले. "पुढच्या बादशहांच्या वेळीही नाही. दर दहा वर्षांनी मुदत वाढल्याचा सण मात्र साजरा व्हायचा. हे मी वर्गात शिकवलंय, रेणुका. तुला सांगायला हवं होतं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या मरणापुढचं आपल्या कामाचं नाही."

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी आलेख लावलाच असता," ती म्हणाली. "मला वाटलं, ते घाबरतील."

"घाबरले ना. म्हणून तर."

ती त्याच दुपारी तुमच्या कार्यालयात आली. खिडकीतला कारकून भला होता, त्याने खुर्ची दिली. मुदत संपल्यावर वाडा पाडा, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्याने संगणकात पाहिलं. "मॅडम, मुदतच नाही, तर संपायचा प्रश्न कुठे येतो?" तो अगदी मनापासून बोलत होता. तिच्या मागे रांगेत अकरा माणसं होती. त्यांतला एकही थबकला नाही. एक बाई एवढंच म्हणाली, "ताई, आवरा ना."

शुक्रवारी पाडकामाची यंत्रं वाड्यात शिरली. रेणुकाच्या भावाने सामान बांधलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणता, लोकांची संमती आहे. असेल. मग तारीख सांगा. कुठल्या दिवशी, कुठल्या चौकात तुम्ही आम्हाला विचारलंत, आणि आम्ही हो म्हणालो? उत्तर द्या.