न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

सोमवार, सतरा नोव्हेंबर. सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, वाराही नाही. झरोक्यांतून उजेड येईना, म्हणून दुपारी दोनलाच रेकॉर्ड विभागातले दिवे लावावे लागले.

हा विभाग इस्पितळाच्या तळघरात. वरच्या मजल्यांवरची धावपळ तिथे पोचत नाही. पोचतो तो फिनेलचा वास आणि भिंतीतल्या पाइपांतून मधूनच वाहणाऱ्या पाण्याचा आवाज. जुन्या फाइलींच्या कपाटांमागे दोनच टेबलं. एकावर ताई, दुसऱ्यावर त्यांचा सहकारी. त्याचं तोंड दिवसभर बंद होत नसे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत.

काम कोडिंगचं. घरी गेलेल्या रुग्णाची फाइल वाचायची आणि डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक निदानाला ठरलेला कोड द्यायचा. त्यात एक नियम फार कडक. एमआरआयच्या अहवालात काहीही दिसो, उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते निदान म्हणून लिहिलं नसेल तर कोड द्यायचा नाही. डॉक्टरला संगणकावरून प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. बावीस वर्षांत ताईंनी हा नियम कधी मोडला नव्हता. एकदा मात्र त्या त्याच्या आड लपल्या होत्या.

सप्टेंबरात त्यांचे यजमान न्हाणीघरात पडले. दोन दिवस याच इस्पितळात होते, मोठ्या डॉक्टरांकडे. एमआरआयच्या अहवालात शेवटच्या ओळीला लिहिलं होतं: मेंदूत पांढरे डाग बरेच, लहान रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, डॉक्टरांनी ठरवावे. पण मोठे डॉक्टर त्याच संध्याकाळी स्वतः आजारी पडून घरी गेले, आणि डिस्चार्जचा कागद हाताखालच्या डॉक्टरने उरकला: ‘चक्कर. वयानुसार बदल.’

घरच्या माणसाची फाइल दुसऱ्याकडे द्यायची असते. ताईंनी दिली नाही. मोठ्या डॉक्टरांना प्रश्न पाठवायला हवा होता, तोही पाठवला नाही. यजमान सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होते. ते निदान कागदावर आलं की बस गेली, आणि बस गेली की हा माणूस घरात बसून झुरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चक्करीचा कोड टाकला आणि फाइल बंद केली. पुढच्याच आठवड्यात मोठे डॉक्टर वारले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ताईंच्या संगणकावर खूण उमटली. उत्तर आले: एक.

फाइलचा नंबर यजमानांचा होता. खाली मोठ्या डॉक्टरांचं नाव. मजकूर एवढाच: ‘आपल्या प्रश्नाचे उत्तर, होय. मेंदूतील लहान रक्तवाहिन्यांचा आजार. कोड द्यावा.’

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“का रे, मोठ्या डॉक्टरांचं खातं अजून चालूच आहे का?”

“आपल्याकडे जिवंत माणसाचं खातं उघडायला महिना लागतो, ताई. गेलेल्याचं बंद करायला कुणाला वेळ आहे?” रेडिओ हसला. मग मान वळवून बघत म्हणाला, “चेहरा असा पांढराफटक का? जेवलात ना?”

“जेवले.”

जुनंच उत्तर कुठेतरी अडकून आज आलं असेल, त्यांनी मनाला समजावलं. पण उत्तर कशाचं? पाठवलेल्या प्रश्नांची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्या फाइलवर एकही प्रश्न नव्हता.

पाइपातलं पाणी थांबलं. तळघर एकदम गप्प झालं. आणि दुसरं उत्तर आलं.

‘रुग्ण पाय घासत चालतो. गेल्या गुरुवारी स्वतःच्या दारासमोर उभे राहून त्याने शेजारच्या दाराची घंटा वाजवली. पत्नीने पाहिले.’

गुरुवारी ताई खिडकीत उभ्या होत्या. ते त्यांनी पाहिलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं, खुद्द यजमानांनाही नाही. त्या गुरुवारी मोठ्या डॉक्टरांना जाऊन सहा आठवडे झाले होते.

त्यांनी संगणकाचं बटण दाबून धरलं. पडदा विझला नाही. तिसरी ओळ अक्षरा-अक्षराने उमटली, कुणीतरी एका बोटाने टाइप करावं तशी.

‘रुग्ण आता रस्ता विसरला आहे. फोन करा.’

बस चालवताना यजमान कधीच फोन घेत नसत. आज पहिल्या घंटीला घेतला.

“अहो... कुठे आहात?”

“थांबलोय गं.” मागे मुलांचा गलका. “हा रस्ता... हा कुठला रस्ता आहे?”

“गाडी बंद करा आधी. चावी काढा. ऐकताय ना?”

“बंदच आहे. त्यांनी करायला लावली.”

“कुणी?”

“हे डॉक्टर... शाळेपाशी चढले. माझ्या मागच्याच सीटवर बसलेत.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हणतात, तुमच्या बायकोने विचारलं नाही, म्हणून मलाच यावं लागलं. काय विचारायचं होतंस गं तू?”

ताईंची नजर पडद्यावरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावावर गेली.

“आणि हात फार गार आहे गं यांचा,” यजमान कुजबुजले. “खांद्यावरून काढतच नाहीत...”

“ताई!” रेडिओ खुर्ची पाडत उठला. “अहो ताई, काय झालं? कुणाचा फोन आहे?”

“शाळेला फोन लाव,” ताई म्हणाल्या. “बसमधल्या मदतनीस बाईंना विचारून बस आहे तिथे जा आणि मुलांना उतरवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता. आणि आपल्या विभागाच्या साहेबांना खाली बोलाव... मला त्यांना एक सांगायचंय.”

त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. संध्याकाळी यजमानांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि फक्त विचारलं, “इतके दिवस?”

यजमानांचा परवाना त्याच आठवड्यात रद्द झाला. ताईंची कोडिंगमधून बदली झाली. फाइल पुन्हा उघडून चक्करीच्या जागी नवा कोड टाकला गेला. निदान करणाऱ्या डॉक्टरच्या रकान्यात मोठ्या डॉक्टरांचं नाव आहे आणि तारीख सतरा नोव्हेंबर.

बसमधल्या मदतनीस बाईंनी शाळेला लेखी अहवाल दिला. त्यात लिहिलं आहे: बस फाटक नसलेल्या रेल्वे रुळांपासून बारा फुटांवर थांबली. कुणालाही इजा नाही. ड्रायव्हर सोडून बसमध्ये चढलेले: मुले एकोणीस, मदतनीस एक, म्हातारे गृहस्थ एक. उतरलेले: मुले एकोणीस, मदतनीस एक.