सत्ताविसावी ओळ

माझं काम चुका काढायचं आहे. लोकांच्या नव्हे, त्या आपण सगळेच फुकटात काढतो. मी डेटामधल्या काढतो. डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला, एका विमा कंपनीत एकोणीस वर्षं हेच चाललंय. एकच माणूस यादीत दोनदा आला तर एकदा ठेवायचा, रिकामी ओळ दिसली की उडवायची. नागपुरात इंजिनिअरिंग करून, सात समुद्र ओलांडून, शेवटी हातात झाडूच आला म्हणायचा, असं रेणू चिडवायची.

रेणू माझी बायको. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, किचनमध्ये डाळ धुताना, उभ्या उभ्या गेली. मेंदूतली शीर फुटली. मुलगी अदिती पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला नोकरी करते, रविवारी फोन करते. घरात उरलो दोघं, मी आणि रेणूचे वडील, कृष्णाबाबूजी. वय वर्षं चौऱ्याऐंशी. सव्वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. 'सुनिए' म्हणतात. त्यांचं बाकीचं हिंदी मी इथे मराठीतच लिहितो.

बाबूजी हरगनपुरचे. उत्तर प्रदेशातलं हे गाव नकाशात शोधायचं तर चष्मा लावावा लागतो. एक स्टेशन, एक इंटर कॉलेज, जिथे बाबूजी इतिहास शिकवायचे, आणि कंगवे. म्हशीच्या शिंगाचे. घरोघरी शिंग तापवून सपाट करायचं आणि बारीक करवतीनं दाते पाडायचे. आमच्या गावाला जळक्या केसांचा वास येतो आणि तो फक्त पाहुण्यांना कळतो, असं रेणू सांगायची. तिचा कंगवा शेजारच्या लछमननं ती जन्मली तेव्हा केलेला. तो अजून आमच्या बेडरूममध्ये ड्रेसरवर आहे. त्यात तिचे तीन केस अडकलेले होते. मी काढले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात बाबूजी विसरायला लागले. डॉक्टर म्हणाला, जुन्या गोष्टी बोलत्या ठेवा. म्हटलं, चला, गावच लिहून काढू. मी लॅपटॉप घेऊन बसायचो आणि ते सांगायचे. सत्तावनच्या बंडात गोऱ्यांनी जाळलेली सराय. फाळणीत एका आठवड्यात रिकामी झालेली गल्ली, आणि सगळ्यात चांगले कारागीर नेमके तिथले होते. मग त्यांच्या मोहल्ल्यातली अडतीस घरं, एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं.

हा क्रम शिवचरण न्हाव्याचा. गावात लग्न असो की तेरावं, शिवचरण काठी घेऊन निघायचा आणि प्रत्येक दाराशी थांबून घरधन्याचं नाव घ्यायचा, "फलाने के घर, बुलावा है." आतून उत्तर यायचं, "आए." झालं आमंत्रण. ज्याच्या दाराशी बुलावा आला नाही, तो माणूस गावातून उठला.

"सव्वीस राधेश्याम," बाबूजी म्हणाले. "सत्तावीस रिकामं ठेवा. अठ्ठावीस लछमन."

"सत्तावीस कोणाचं?"

"आमचं."

रेणूनं परजातीच्या माझ्याशी इथे कोलंबसच्या कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून शिवचरण त्या दाराशी मुका झाला. थांबायचा, काठी एकदा आपटायचा आणि पुढे जायचा. रेणूची आई गेली तेव्हा तेराव्याला एक माणूस आला नाही. त्यानंतर बाबूजी आमच्याकडे आले.

"पण थांबायचा तो," बाबूजी म्हणाले. "घर खोडायची पद्धत आमच्याकडे नाही. बोलवायचं नाही, पण जागा सोडायची. पुढेमागे कोणी हाक मारलीच, तर घर सापडलं पाहिजे ना."

मला त्या गावाचा राग होता आणि आहे. रेणूला मात्र एकदा जाऊन घर बघून यायचं होतं. तिकिटं काढली होती. मी ती कॅन्सल केली. म्हटलं, ज्यांनी तुझ्या आईच्या तेराव्याला पाय ठेवला नाही, त्यांच्या दारात जायचं नाही. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि मग गेली. मी सॉरी म्हणणार होतो. वीकेंडला निवांत म्हणू, असं ठरवलं होतं. गेली मंगळवारी.

मार्चपासून बाबूजींना दहाव्या घरापुढचं आठवेना. त्यांची चिडचिड बघवेना, म्हणून यादीचं कार्ड करून द्यायचं ठरवलं. सवयीप्रमाणे फाइल साफ केली, मोठ्या अक्षरांत प्रिंट काढला, लॅमिनेट केला. ते कार्ड बाबूजी उशाशी घेऊन झोपायला लागले.

आमचा रस्ता गोल फिरून परत तिथेच येतो, त्याला इथे लूप म्हणतात. लूपवर अडतीस घरं आहेत. हे बाबूजींनी मोजलं. आमचं घर तोंडापासून सत्ताविसावं.

सप्टेंबरात ते रोज सकाळी दहाला कार्ड आणि काठी घेऊन निघायला लागले. यादीतलं एक नाव, लूपवरचं एक दार. सुरुवातीच्या दहा-बारा घरांपर्यंत जायचे आणि दमून परत यायचे. बेल वाजवायचे नाहीत, पोर्चमध्ये उभं राहून नाव घ्यायचे. रेणूच्या वर्षश्राद्धाची ही तयारी, असं म्हणाले. लोक हात हलवायचे. सोसायटीचा एक गोड शब्दांतला ईमेल आला. मी दुर्लक्ष केलं.

मग एका संध्याकाळी संजय आला. पुण्याचा, अकराव्या घरात राहतो. "त्र्यंबक, जरा हे बघ यार," म्हणून त्यानं फोनवर त्याच्या डोअरबेल कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावला. बाबूजी पोर्चमध्ये उभे. "रामरतन के घर, बुलावा है." दोन सेकंद काही नाही. मग दाराच्या आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज, "आए."

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"तेच विचारायला आलोय. आम्ही दोघं ऑफिसला होतो. घर बंद होतं."

मी त्याला टीव्ही, स्मार्ट स्पीकर, कॅमेऱ्याच्या माइकमधला घोळ, सगळं समजावलं. तो ऐकून घेत होता. त्याच्याकडे स्पीकर नाही, एवढंच जाताना म्हणाला.

पुढच्या आठवड्यात नवव्या घरातल्या बाईनं गॅसवाल्यांना बोलावलं. जळल्याचा वास येतो म्हणाली, केस जळल्यासारखा. त्यांना काही सापडलं नाही. पाचव्या घरातलं म्हातारं जोडपं फ्लोरिडाला गेलंय. त्यांच्या बंद गॅरेजसमोरून जाताना मला आत बारीक करवत चालल्याचा आवाज आला. मी थांबलो. आवाज थांबला. दोन पावलं टाकली, पुन्हा सुरू.

घरी येऊन मी बाबूजींना सरळ विचारलं, उत्तर कोण देतंय.

"ज्यांना बोलावलं ते."

"बाबूजी, ती माणसं मरून गेलीत."

"म्हणून तर इतक्या लांब येतात," ते म्हणाले. "जिवंतांना कुठला व्हिसा मिळतो."

मग ते खिडकीकडे वळले. "सुनिए. श्राद्धाच्या दिवशी मी पूर्ण फेरी करणार. सत्ताविसाव्या दाराशी काठी आपटणार नाही, हाक मारणार. तुमचं नाव घेऊन. आता त्या घराचे धनी तुम्ही. घराला बुलावा आला की घराची लेक येते. तिला काय सांगायचं ते सांगून घ्या."

या माणसानं सव्वीस वर्षं मला दाराबाहेर उभं ठेवलं आणि आता हे. आणि मी, पुराव्याशिवाय एक ओळ पुढे न सरकवणारा माणूस, विश्वास ठेवला. रेणूचं एक 'आए' ऐकायला मिळणार असेल तर मी कशावरही ठेवला असता.

श्राद्धाचा दिवस शनिवारी आला. बाबूजींनी धुतलेलं धोतर नेसलं, वर जाड जॅकेट घातलं. मी डाळ-भात केला, रेणूला आवडायची ती सुकी बटाट्याची भाजी केली. पुढचं दार सताड उघडून उंबऱ्यात उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तिकिटं मी काढतो. तू म्हणशील तेव्हा जाऊ. माझं चुकलं.

ऊन होतं. रस्त्यावर पानं पडली होती. बाबूजींची हाक लूपच्या पलीकडून ऐकू यायची आणि तिच्यामागून उत्तर. बाईचं, पुरुषाचं, एकदा लहान मुलीचं. आज ते दमत नव्हते. अठरा. एकोणीस. वीस. मी बोटांवर मोजत होतो.

पंचवीस.

शेजारच्या घरासमोर ते थांबले. "राधेश्याम के घर, बुलावा है." आतून कोणीतरी खाकरलं आणि म्हणालं, "आए."

सव्वीस.

बाबूजी आमच्या पायऱ्या चढून आले. माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही, कार्डाकडे पाहिलं. बोट एक ओळ खाली सरकलं.

"लछमन के घर," ते म्हणाले, "बुलावा है."

माझ्या मागून, माझ्या किचनमधून, पुरुषाचा आवाज आला.

"आए."

मी कार्ड खेचून घेतलं. सव्वीस राधेश्याम, सत्तावीस लछमन. खालपर्यंत पाहिलं. सदतीस नावं होती. मधे रिकामी जागा नव्हती. ती मी मार्चमध्ये उडवली होती. त्या गावानं सव्वीस वर्षं सांभाळलेली जागा मी एक की दाबून काढून टाकली होती आणि मला आठवतही नव्हतं.

"बाबूजी, हे आपलं घर आहे. मी त्र्यंबक. हाक मारा. माझं नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. परक्या माणसाशी बोलावं तितक्या अदबीनं त्यांनी विचारलं, "लछमनकडे उतरलात वाटतं?"

माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि पुढे गेले.

मी त्यांच्यामागे गेलो नाही. आत गेलो. रेणू म्हणून हाक मारली. किचनमध्ये, बेसमेंटमध्ये, वर. वेड्यासारखी मारली. पाठ केलेलं सगळं बोललो. कोणी उत्तर दिलं नाही. शेगडी बंद होती आणि घरभर जळक्या केसांचा वास होता.

अर्ध्या तासानं संजयचा फोन आला. बाबूजी अडतिसाव्या घरासमोर उभे होते. बोट कार्डाच्या खालच्या कडेवर ठेवून वाट बघत होते. मी त्यांना हाताला धरून आणलं. कोणाच्या घरी चाललोय, असं त्यांनी वाटेत दोनदा विचारलं.

दुपारी मी फाइल उघडली. सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधे ओळ घातली. त्यात रेणूचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

"ही माणसं आमच्या गावची नाहीत," म्हणाले.

संध्याकाळी मी वर बेडरूममध्ये गेलो. ड्रेसरवर रेणूच्या कंगव्याच्या जागी शिंगाची एक सपाट पट्टी पडली होती. तिला दाते नव्हते. दात्यांच्या जागी पेन्सिलीनं बारीक रेघा आखल्या होत्या. केस कुठेच नव्हते. मी पट्टी उचलली. ती कोमट होती. खाली किचनमध्ये कोणीतरी करवतीला धार लावत होतं.