आतून न उघडणारं दार

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही एका गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. गाडी थांबली आहे आणि तुम्हाला उतरायचंय. तुमचा हात दारावर हँडल शोधतो. वर, खाली, कोपऱ्यापर्यंत. हाताला लागतं ते नुसतं गुळगुळीत अस्तर. हँडल तुटलेलं नाही बरं का. ते मुळात लावलेलंच नाही. पोलिसांच्या गाडीतलं ते दार फक्त बाहेरून उघडायचं.

आता उघडा डोळे, आणि मिरीच्या मामाच्या गॅरेजमध्ये चला.

मिरी चणीने एवढीशी, पण नजर भारी तिखट, म्हणून हे नाव. मामा जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचा. शाळा सुटली की मिरी दप्तरासकट तिथे हजर. गंजाचा नि ओल्या रंगाचा वास नाकात भरला की तिला घरी आल्यासारखं वाटायचं. मामाची अट एकच होती. "मला न विचारता गाडीला हात लावलास, तर इथे येणं बंद. कायमचं."

तिथे आता उभी असलेली ही गाडी पोलिसांकडून निवृत्त होऊन एका फुलवालीकडे गेली होती. बाईंनी ती हिरवी रंगवली आणि तिच्यातून वर्षानुवर्षं फुलं पोचवली. मामाने हिरवा थर खरवडला, खालून निळा पट्टा डोकावला, तेव्हा त्याने मिरीला उचलून गरकन फिरवलं होतं.

त्याने ब्रेक नवे घातले, वायरिंग नवं केलं, मागे सीटबेल्टही बसवले. "जिवाला जपणारा बदल चालेल," तो म्हणायचा. "पण डोळ्यांना दिसतं ते सगळं ओरिजिनल पाहिजे."

"मग मागे एक चोर पण बसव की," सीट शिवणारे कुशनवाले काका म्हणाले. "एकदम ओरिजिनल!"

मामा हसला. मागच्या डाव्या दाराला आतून एक पितळी हँडल होतं. फुलवालीनेच लावलेलं. तेही इतकं खाली, की मोठ्या माणसाला ते धरायला वाकावं लागेल. "काय अडाणी काम आहे!" म्हणत मामाने ते सोडवलं, डब्यात टाकलं आणि भोकावर नवं करडं अस्तर ताणून बसवलं. आता दार पूर्वीसारखं दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी नव्या सीटवर खळगा पडलेला होता. डाव्या बाजूला, बशीएवढा.

"काका, फोम कमी भरलात," मामा म्हणाला.

"माझी सीट आणि खळगा? अरे, तुझे केस पिकतील, पण माझी सीट बसायची नाही." काकांनी तरी पुन्हा शिवण उसवली आणि फोम ठासून भरला. संध्याकाळी खळगा परत होता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुया गोळा केल्या, आणि त्यांना दुसरीकडे काम निघालं.

पुढे पुढे भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, डावी काच आतून धुरकट होऊ लागली. एवढासा गोल डाग, श्वास सोडल्यावर उमटतो तसा. मिरी खिडकीशी उभी राहिली की तो डाग बरोबर तिच्या तोंडासमोर यायचा.

"दमटपणा," मामा म्हणाला.

दाराचं अस्तरही झिजू लागलं. एकाच जागी, खाली, जिथे हँडल होतं तिथे. मामाने तो तुकडा बदलला. तो पुन्हा झिजला.

शेवटी मामाने फुलवालीला फोन लावला. मिरी शेजारीच होती. पलीकडून म्हातारा आवाज आला, "ते हँडल आहे ना अजून?"

"काढलं. ओरिजिनल नव्हतं ते."

"मीही आधी लावलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

"वय झालंय," मामा म्हणाला. पण तो गाडीकडे पाठ करून बोलला. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. परीक्षक अस्तराची शिवणसुद्धा तपासणार होते. "उद्या तू मागे बसायचंस हं, मिरे. ऐटीत!" एवढं सांगून तो पेट्रोल आणायला गेला.

मिरी एकटीच राहिली. दुपार होती, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

आतून आवाज आला. अस्तरावर तळवा घासल्याचा.

मिरीने बाहेरून मागचं डावं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पण डावा खळगा हळूहळू भरून आला आणि सीट दुसऱ्या टोकाला दबली. पार कोपऱ्यात, दारापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

तिने ते दार लावलं, वळसा घालून उजवं उघडलं. खळगा डावीकडे गेला.

तेव्हा मिरीच्या लक्षात आलं. ज्याला कोंडून नेतात, त्याच्यासाठी दार बाहेरून उघडणारं माणूस म्हणजे न्यायला आलेलं माणूस.

तिने डबा उघडला. हँडल काढलं. मामाची अट तिला पाठ होती. तिने पेचकस उचलला. ओठ घट्ट मिटून तिने मामाचं नवंकोरं अस्तर फाडलं.

दाराच्या आतली सळई तिने हँडलला अडकवली, स्क्रू घट्ट पिळले, दोन्ही दारं बाहेरून लावली.

मग ती भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. मुद्दाम दुसरीकडे बघत.

खट्.

दार उघडलं. फक्त एवढंसं. एखाद्या बारक्या अंगाला पुरेल इतकं.

सीटची स्प्रिंग सुस्कारल्यासारखी वर आली.

मामा आला तेव्हा दार तसंच होतं. त्याने फाटलेलं अस्तर पाहिलं, हँडल पाहिलं. त्याच्या कपाळाची शीर उडाली. "मिरे!" मग त्याने वाकून सीट चाचपली. ती सपाट होती. त्याचा आवाज उतरला.

"हँडल राहू दे," तो म्हणाला. "परीक्षकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आणि मी? मी यायचं ना उद्यापासून?"

"तू नाही आलीस तर पाने-पेचकस कोण देणार मला?" असं म्हणत तो थकल्यासारखा बाकाकडे आला आणि तिच्या डाव्या बाजूला टेकायला लागला.

"तिथे नको, मामा," मिरी हळूच म्हणाली. आणि डावीकडच्या एवढ्याशा रिकाम्या जागेला धक्का लागणार नाही अशी बेताने उठून, तिने त्याला आपली जागा दिली.