थडचा तिसरा अर्थ

धप्प!

सलग तिसऱ्या दुपारी छत हादरलं आणि माझी पिटुकली दचकून रडत उठली. ती झोपते तो दीड तास म्हणजे माझी नोकरी – कानाला हेडफोन लावून लोकांच्या मीटिंगा टाइप करायच्या. तिला कडेवर घेतलं आणि तणतणत वर गेले.

दार सताड उघडं. वरचा नवा भाडेकरू स्टुलावर उभा, हातात बटाट्यांचं पोतं!

"अहो, घर पाडताय की काय?"

"सॉरी, सॉरी... 'थड' अडलाय."

"कोण अडलाय?"

"इंग्रजी शब्द. मी शब्दकोशाचं काम करतो. आवाज जड आहे, पण कसा जड... ऐकल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, असा आपला नियम." तो ओशाळून खाली उतरला. "पण पाडणाऱ्याला नीट ऐकूच येत नाही हो."

"मला येतं ना खाली! आवाजावरूनच सांगते, परवा जाडी पुस्तकं होती, काल गादीची वळकटी, आज हे. हा आवाज खणखणत नाही, घुमत नाही. पडतो तिथेच बसतो, मठ्ठ कुठला!"

त्यानं खिसे चाचपले. "थांबा... पेन आहे?"

मी दिलं. चुकलं ते तिथेच.

मग ठरलं – पाडापाडी चार वाजता, पिटुकली उठल्यावर. त्यानं वर पाडायचं, मी खाली ऐकून चिठ्ठीवर लिहायचं. 'जिन्यावरची जड पावलं – चालतील. दार आपटणं – छे, ते धाडकन.' चिठ्ठी द्यायला मी वर... चहाला तो खाली. एक दिवस पिटुकली त्याला 'धप्पूकाका' म्हणाली, आणि मी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिचा बाप सोडून गेला तेव्हा तिला काही कळत नव्हतं. आता कळलं असतं. आणि याची खोली कोश संपेपर्यंतच तर होती!

त्या आठवड्यात एकदा चार वाजून गेले तरी वर शांतता. पिटुकलीला घेऊन मीच गेले. खोली आवरलेली, टेबलावर एकच कागद.

"संपलं?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"दोन अर्थ झाले. तिसरा राहिलाय. छातीतला ठोका... जोरात पडतो, तो." तो कागदाकडेच बघत होता. "स्वतःचं स्वतः ऐकून चालत नाही."

मी पिटुकलीला कडेवर सावरलं. मग पुढे झाले, आणि त्याच्या शर्टावर कान टेकवला.

"घाबरलेला वाटतोय," मी म्हणाले.

"आहेच. ही खोली पुढेही ठेवू का, हे विचारायचंय... तुम्हा दोघींना."

पिटुकलीनं तोवर त्याचं कॉलरचं बटण मुठीत धरलं होतं. ती काही ते सोडणार नव्हती.

"तिसरा अर्थ लिही..." मी कान हलवला नाही. "पण सावकाश. मी अजून ऐकतेय."