आठ खोक्यांचा करंट

"चालती हो इथून! माझा अॅम्प्लिफायर तूच जाळलास!" क्लीव्हमामाच्या आवाजानं मोरंट बे गावातली अख्खी गल्ली दारात आली.

"मी हातसुद्धा लावला नव्हता!" बारा वर्षांची ओनेका चिडून ओरडली.

"मग काय भुतानं जाळला?" मामाच्या साउंडची, म्हणजे गाणी वाजवायच्या स्पीकरांची, खोकी रचणारा बिग्ज खवचटपणे हसला. मामानं ओनेकाला अंगणात पाय ठेवायचीच बंदी केली, तीही कायमची! सुट्टीभर तिथंच तर ती वायरींना सोल्डरचा डाग द्यायला शिकत होती. तिला रडूच कोसळलं.

तिचा मावसभाऊ जवॉन मात्र खोक्यांवरच्या ताडपत्रीमागे शिरला होता. "ओनेका, वायरला चटका बसतोय! मामानं दोनच स्पीकर जोडले होते ना?"

दोन कसले! कपाटाएवढी आठ खोकी एकाच वायरला शेजारी-शेजारी जोडलेली! ओनेकानं मीटर लावला, तर तो एक ओहमसुद्धा रोध दाखवेना.

"बिग्जची करामत!" ती म्हणाली. "जितकी खोकी वाढतील तितका जास्त करंट ओढला जातो. मरणारच बिचारा अॅम्प्लिफायर!"

"सहा काढायला सांगू या?"

"वेडा आहेस? मामा आता माझं ऐकेल का? आणि शनिवारच्या सामन्यात समोरच्या साउंडपेक्षा खोकी कमी दिसली तर मामाचं नाक कापलं जाईल. आठही पेलेल असाच अॅम्प्लिफायर बनवू!"

जवॉनच्या घरामागे दोघं पाच दिवस खपली. दोनाऐवजी बारा ट्रान्झिस्टर, भार सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाला छोटा रेझिस्टर, मोडक्या खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर सगळे घट्ट बसवले. भंगारातल्या वेल्डिंग मशीनच्या ट्रान्सफॉर्मरचे थोडे वेढे व्होल्टेज बेताचं यावं म्हणून उलगडले. पहिल्यांदा वीज दिली ती बल्बमधून, चूक असती तर बल्ब भगभगला असता. तो मंदावला आणि जवॉननं उडीच मारली!

शनिवारी दुपारी कोणाचा साउंड जास्त दणदणतो याचा सामना सुरू झाला आणि मामाचा उसना अॅम्प्लिफायर धूर ओकून गप्प झाला. "घरी जा, म्हाताऱ्या!" समोरचे शिट्ट्या मारू लागले.

ओनेका नवा अॅम्प्लिफायर ढकलगाडीवर घालून गर्दीत घुसली.

"तू? तुला बंदी आहे!" मामा गरजला.

तिनं खोक्यांमागची ताडपत्री खस्सकन ओढली. "मोजा वायरी! कोणी जोडल्या, विचारा या बैलाला!"

मामानं मोजल्या. बिग्जचा चेहरा पडला. "म्हटलं, आवाज जरा दणकट होईल..."

"लाव तुझं यंत्र, पोरी," मामा पुटपुटला.

पहिल्याच ठोक्याला पत्र्याची छपरं थरथरली! समोरच्यांच्या शिट्ट्या घशातच राहिल्या.

"शाब्बास! आजपासून वायरी तू जोडायच्या. बिग्ज फक्त खोकी उचलेल!" मामानं तिची पाठ थोपटली.

"आधी माफी मागा. गल्लीदेखत गुन्हेगार ठरवलंत मला!"

मामानं माइक हातात घेतला, आणि आठही खोक्यांतून त्याची माफी सगळ्या मोरंट बेनं ऐकली.