काळी पाच

राजेंद्र साळवेच्या घरात माणसं तीन आणि सिंथेसायझरही तीन. माणसं जेवायला मागतात, सिंथेसायझर मागत नाहीत, एवढ्याच मुद्द्यावर विशाखा ते खपवून घ्यायची.

दिवसा तो वाळूजच्या एका कंपनीत बिघडलेली मशीनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. हात गोड होता, पण नजर भिरभिरती. 'आता हा शेवटचा,' असं प्रत्येक कीबोर्ड घेताना तो अगदी मनापासून म्हणायचा, आणि वर्ष उलटायच्या आत दुकानातलं नवं रंगीत पत्रक त्याच्या उशाखाली सापडायचं.

"आहेत ते तरी पुरते वाजवा आधी," विशाखा म्हणायची. "त्या जुन्या काळ्याची अर्धी बटणं तुम्ही कधी दाबली तरी का?"

नव्हती दाबली. बायकोला हे कसं कळलं याचंच त्याला नवल वाटलं.

ते दोन हजार तेराचं साल. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि नळाला पाणी कधी येईल हे महापालिकेलाही ठाऊक नसावं. भावसिंगपुऱ्यात टँकरचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली हंडे घेऊन धावायची. तिकडे शहराबाहेर सातारा परिसरात मात्र इमारतींवर इमारती चढत होत्या, नव्या बोअरची मशीनं दिवसभर घरघरत होती, आणि त्या सगळ्याची धूळ गावभर बसायची. लेण्यांचा डोंगर दुपारी दिसेनासा व्हायचा.

मार्चमध्ये राजेंद्रनं औरंगपुऱ्यातल्या दुकानात दोन कीबोर्ड बदल्यात दिले. नवा भीमजयंतीच्या आत येणार होता. तिसरा, तो जुना काळा, दुकानदारानं नुसता उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा भंगारवाल्याला द्या, वजन तरी बरं भरेल." राजेंद्र हिरमुसून तो परत घेऊन आला. तालमीला आता तोच उरला होता.

तालीम म्हणजे केसरबाईची. ही राजेंद्रची आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं आणि मांडीवर बसवून सूर ओळखायला शिकवलं. चाळीस वर्षं ती वस्त्यावस्त्यांत गायली. गाणाऱ्याचा सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात. ऐन उमेदीत आत्या काळी पाचला गायची, पुढे वयानं खाली काळी चारला आली. राजेंद्रची बोटं या काळी चारवरच बसलेली. दुसरा कोणी गायला आला तर तो कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचा. बोटं तिथंच राहतात, सूर तेवढा खालीवर सरकतो, आणि किती सरकला त्याचा आकडा, वर गेला तर अधिक, खाली आला तर उणे, छोट्या पडद्यावर दिसतो. कानानं शिकलेले सगळे असंच करतात. आणि आधीच्या गायकाचा आकडा काढायला विसरून पुढच्याला तोंडघशीही सगळेच पाडतात.

पहिल्या तालमीला जुना चालू केला, तर पडद्यावर उणे दोन. राजेंद्रच्या कपाळाला आठी पडली. बंद करून चालू केलं की शून्य यायला हवं. त्यानं शून्य केलं आणि आत्याला सूर दिला.

आत्याची रीत ठरलेली. सूर मिळाला की ती हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारायची, मग श्वास घ्यायची, मग शब्द. बांगड्या वाजल्या, श्वास झाला, आणि शब्दाला वर गेल्याबरोबर आवाज चिरकला. धुळीनं आणि वयानं गळ्याची पार दशा केली होती. आत्या माठाकडे गेली. पाणी प्यायली, तेही अर्धाच पेला.

दुसऱ्या दिवशी तो आकडा बघायचाच विसरला. आत्या गायली ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत, एकदाही न अडखळता. राजेंद्रनं मान वर केली तेव्हा पडद्यावर उणे दोन होतं.

"आज गळा बरा हाय," आत्या खूश होऊन म्हणाली.

राजेंद्र देवाधर्माच्या, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी त्यानं तो काळा उघडला, ब्रशनं धूळ काढली, बटणांखालचे कॉन्टॅक्ट पुसले, एकेक तार तपासली. आत काहीही बिघडलेलं नव्हतं. उलट आतली जोडणी इतकी नेटकी होती की तो बघतच राहिला. प्रत्येक वायर घडी घालून बांधलेली. असलं काम हल्ली कोण करतं?

आत्या नात्यातल्या लग्नासाठी देवगाव रंगारीला गेली तेव्हा पडदा शून्य दाखवत राहिला. पार्टीचा साउंड सांभाळणारा सांडू घरी आला, तर आकडा उणे सात. सांडू कधी गायला बसला तर त्याला काळी एक लागते. तो निघून गेला, राजेंद्रनं पुन्हा चालू केला, शून्य.

या काळ्याला जवळच्या गाणाऱ्याचा गळा आज कुठे आहे ते कळत होतं. कसं, ते राजेंद्रला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोड्या दिवसांनी त्यानं विचारणंही सोडलं. कारण तो त्या वाद्याच्या प्रेमात पडला होता. वीस वर्षं हा घरात होता आणि आपण याच्याकडे पाहिलंच नाही! पेटीचा आवाज लावून एक गोल बटण जरा मागे घेतलं की भाता खरोखर फुगल्यासारखा सूर हळूच यायचा. बासरीत फुंक ऐकू यायची. डाव्या हाताच्या चाकानं सनईची मींड अशी निघायची की विशाखा पोळ्या लाटायची थांबायची.

"बघा," ती म्हणायची, "माझं ऐकलं असतं तर..."

"ऐकतोय ना आता."

दुकानातून फोन आला, नवा कीबोर्ड आलाय म्हणून. राजेंद्रनं सरळ सांगून टाकलं, "दुसऱ्या कुणाला द्या." उशाखालचं पत्रक विशाखानं डब्यात अंथरायला घेतलं.

काळजी होती ती वेगळीच. आकडा खाली चालला होता. उणे तीन. उणे चार. आत्याला बोलताना धाप लागायची. त्यात उत्सव समितीचे तात्यासाहेब घरी आले. माणूस प्रेमळ, पण कार्यक्रमाचा बोजवारा उडायची त्यांना भारी धास्ती.

"आत्याबाई, यंदा तुम्ही नुसतं बसा. शाल घालू, सत्कार करू. तुमचं उमेदीतलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं, तेच लावू की."

"मुकी बसवून शाल घालायची असंल तर माहा फोटूच ठेवा तिथं," आत्या म्हणाली. "पाव्हणं, माणूस जित्तं हाय अजून. म्या गाणार."

तात्यासाहेब हसले, "बरं बरं" म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागे आत्यानं दार लोटून घेतलं.

"राज्या," ती म्हणाली, "मला लोकांम्होरं फाटू देऊ नको रं. एवढं एक गाणं पार ने. मंग नाय गायले तरी चालंल."

तिनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. राजेंद्र हो म्हणाला.

तेरा एप्रिलच्या तालमीला आकडा उणे पाच होता, आणि त्या सुरातही आत्या जेमतेम तरली.

चौदा एप्रिलला संध्याकाळी चौकात मंच सजला. निळे झेंडे, टँकरच्या पाण्यानं शिंपडलेली जमीन, माणसांनी भरलेले गच्चीचे कठडे. सांडू समोरच्या टेबलावर साउंड घेऊन बसला होता. आत्याच्या अंगावर पांढरी साडी. ती खुर्चीत बसली आणि राजेंद्रनं जुन्याचं बटण दाबलं.

पडद्यावर अधिक दोन.

त्यानं बंद करून पुन्हा चालू केला. अधिक दोन. म्हणजे काळी पाच. तिशीतल्या आत्याचा सूर.

उणे पाच करायला बटणं दाबायची, बस. काल ती तिथंच तरली होती. अक्कल हेच सांगत होती. बोट बटणावर गेलंसुद्धा.

पण महिनाभरात हा काळा एकदाही चुकला नव्हता. चुकला होता तो राजेंद्र.

"सूर दे, राज्या," आत्या म्हणाली. आवाज पार बसलेला.

त्यानं बोट उचललं आणि सूर दिला. काळी पाच.

आत्यानं बांगड्या मागे सारल्या.

श्वास ऐकू आला.

आणि आवाज लागला. भरदार, लखलखीत, कुठेही न चिरकणारा. राजेंद्रनं तो लहानपणी मांडीवर बसून ऐकला होता. गच्चीवरची माणसं उभी राहिली. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. राजेंद्रची बोटं आपोआप चालत होती आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आत्या पाठमोरी होती. तिची मान तालावर हलत होती, एवढंच त्याला दिसत होतं.

गाणं पार गेलं. टाळ्या थांबेनात.

मंचामागे तात्यासाहेब सांडूला मिठी मारायला धावले. "वा रे पठ्ठ्या! बरोबर टायमाला लावलंस रेकॉर्डिंग!"

"कोणतं रेकॉर्डिंग?" सांडू म्हणाला. "पेनड्राइव्ह तुम्ही दिलाच कुठं?"

तात्यासाहेबांनी खिसा चाचपला. पेनड्राइव्ह खिशातच होता.

राजेंद्र ऐकत होता. "तात्या, म्हणजे तुम्ही..."

"तिची फजिती नको म्हणून रे," तात्यासाहेब ओशाळले. "माईक बंद ठेव म्हटलं होतं याला. मी पेनड्राइव्ह आणून देतो, मग लाव. पण गर्दीच्या धावपळीत मी तो दिला असंच मला वाटत राहिलं."

"मी तर माईक बंद करून यांची वाटच बघत होतो," सांडू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "कसम से, राजेंद्रभाऊ. तेवढ्यात आत्या सुरू झाली. मला वाटलं, माईकशिवायच एवढा आवाज लागलाय. पण तो स्पीकरमधून येत होता."

"माईक बंद असताना?"

"फक्त एक लाइन चालू होती." सांडूनं राजेंद्रच्या खांद्यावरून मंचाकडे पाहिलं. "तुमची."

मंचावर तो काळा अजून चालूच होता. आत्या त्याच्याजवळ उभी राहून आपल्या पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत होती.

त्या दिवसानंतर आत्याचा आवाज कुणी ऐकला नाही. डॉक्टरांनी तपासलं, गळ्यात काही वावगं नाही म्हणाले. आत्याला त्याचं दुःख दिसलं नाही. ती पोटभर जेवायची, रात्री शांत झोपायची. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा ती लहान मुलीसारखी अंगणात जाऊन भिजली.

एका रविवारी सकाळी पाऊस पडत असताना तिनं राजेंद्रला खुणेनं बोलावलं, काळ्यावरचं कापड काढलं आणि समोर खुर्ची घेऊन बसली. त्यानं वाद्य चालू केलं. अधिक दोन.

त्यानं सूर द्यायला हात उचलला. बोट अजून पट्टीला टेकलंही नव्हतं, तोच स्पीकरमध्ये बांगड्या किणकिणल्या आणि मग कुणीतरी छातीभर श्वास घेतला.

राजेंद्रनं समोर पाहिलं. आत्याचे हात मांडीवर स्वस्थ होते. तिनं हसून मान हलवली, सुरू कर म्हणून.