तिरकी छत्री

गारा पडायला लागल्या तेव्हा शानबोर समोर दिसेल त्या दारात शिरला. दार निघालं शिलाँगमधल्या मावलाईच्या चढावरच्या एका छोट्या खाणावळीचं. आत चार बाकं, चुलीची ऊब, आणि जादोहचा, म्हणजे मांसाच्या रश्श्यात शिजणाऱ्या तांबूस भाताचा, वास. बूट भिजले होते म्हणून त्याने ते काढून दाराशी ठेवले आणि लाल चहा मागवला.

पडद्यामागे कुणीतरी गात होतं.

"एक मोजा निळा, एक मोजा राखाडी,
घरात कुणी नाही का हो बघणारं…"

बाकांवरची माणसं खुदखुदली. शानबोरने खाली पाहिलं. एक मोजा निळा होता, एक राखाडी.

चहा घेऊन आली ती इबा, खाणावळवाल्या बाईंची धाकटी मुलगी. तांदळाच्या पिठाने कोपरापर्यंत हात पांढरे, आणि चेहऱ्यावर कशातच नसल्याचा भाव.

"कोंग, ते गाणं माझ्यावर होतं का?"

"नाही, बाह. तुमच्या मोज्यांवर."

"आणि पुढचं कडवं?"

"मोजे बदलून आलात की."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा एक मोजा लाल होता, एक पिवळा. इबा बघत राहिली आणि मग पदार्थ जळाल्याचं निमित्त करून आत पळाली. तिची आई चुलीपाशीच होती. ती म्हणाली, "हा पोरगा जेवायला येतो, की पाय दाखवायला?"

शानबोर बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. आपल्या गाण्यांचे व्हिडिओ तो नेटवर टाकायचा आणि ते त्याच्या मावसबहिणींखेरीज कुणी बघायचं नाही. इबाचं तसं नव्हतं. तिला कुणी बघायला नकोच होतं. पीठ मळताना तिला गाणी सुचायची — शेजारणीच्या घोरण्यावर, पाव विकणाऱ्याच्या नव्या दातांवर — आणि भाकऱ्या भाजून होईस्तोवर ती विसरूनही जायची.

"लिहून का ठेवत नाहीस?" त्याने एकदा विचारलं. तोवर 'कोंग' आणि 'बाह', म्हणजे ताई आणि दादा, दोन्ही गळून पडले होते.

"कशाला? उद्या दुसरं येईल."

हळूहळू तो संध्याकाळी गिटार घेऊनच येऊ लागला. ती गायची, तो सूर धरायचा. मधेच तिला ओळ सुचेनाशी झाली की तो वाजवणं थांबवून तिच्याकडे नुसता बघायचा, आणि मग तर ओळ मुळीच सुचायची नाही…

"असं बघू नकोस."

"मग कसं बघू?"

"चहाकडे बघ. निवतोय."

खासी घरात धाकटी मुलगी घर सोडत नाही; घर, चूल, म्हातारी आई तिच्याच पदरी असते आणि नवरा तिच्याकडे राहायला येतो. पावसाळा सरता सरता इबाच्या आईने कुणाशी एक शब्द न बोलता मागच्या खोलीला पांढरा रंग मारून घेतला. इबाने तो ओला रंग पाहिला आणि त्या दिवशी तीन वेळा भातात मीठ घातलं.

खाणावळीत रोज बाह मॉर्निंगस्टार नावाचे म्हातारे यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रस्त्याने चालताना ते छत्री अजून उजवीकडे कलती धरायचे. डावा खांदा भिजून जायचा. सारा मोहल्ला बघायचा, बोलायचं कुणी नाही. इबाने मात्र त्यांच्यासमोर गाणं केलं.

"बाह मॉर्निंगची छत्री तिरकी,
डावा खांदा ओलाचिंब,
उजवीकडे कोण चालतं, बाह,
सांगा तरी, कोण?"

म्हातारे पानाचा विडा गालात सारून म्हणायचे, "नाही सांगणार." पुन्हा कडवं, पुन्हा "नाही सांगणार". तिसऱ्या खेपेला त्यांचे डोळे भरलेले असायचे आणि ते हसत असायचे.

शानबोरने एका संध्याकाळी ते मोबाइलवर घेतलं. "टाकू?"

बाह मॉर्निंगने मान डोलावली. इबा म्हणाली, "टाक की. कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. आधी शिलाँगने, मग गुवाहाटीने, मग जिथली भाषाही वेगळी अशा गावांनी. खाणावळीत माणसं मावेनात. इबालाही गंमत वाटली. खोटं कशाला बोला, आठवडाभर तीही झोपण्याआधी आकडे बघत होती. शानबोर तर जमिनीवर नव्हता.

"आता दुसरं कर, इबा. असंच. पण चाल पहिल्या ओळीतच पकडायला हवी. लोक थांबत नाहीत."

तिने पीठ मळायला घेतलं. ओळ आली, आणि तिच्या मागोमाग विचार आला — ही चालेल का? ओळ परत गेली. असं आधी कधी झालं नव्हतं.

मग लोकांनी त्या गाण्याची सोंगं काढली. कुणी दारुड्याच्या हातात छत्री दिली, कुणी वेड्याच्या. बाजारात पोरं बाह मॉर्निंगच्या मागे तिरक्या छत्र्या धरून चालू लागली, "कोण चालतं, बाह, कोण?" म्हणत. म्हातारे खाणावळीत यायचे थांबले. आणि एका सकाळी इबाने त्यांना चढावरून येताना पाहिलं. पाऊस होता. छत्री अगदी सरळ, स्वतःच्याच डोक्यावर धरलेली होती. दोन्ही खांदे कोरडे होते.

ती त्याच पावली शानबोरच्या दुकानात गेली. "काढून टाक ते."

"काढतो. फक्त… बंगळूरच्या एका गाण्यांच्या कंपनीचं ठरू दे. त्यांनी त्याच गाण्यावरून बोलावलंय. थोडे दिवस, इबा."

"ते छत्री सरळ धरतात, शान."

त्याची नजर मोबाइलकडे गेली. त्याला कळलं होतं, हे तिला दिसलं. तरी त्याने मोबाइल उचलला नाही, हेही दिसलं.

पुढे त्याने ते काढलं. पण तोवर बंगळूरचं ठरलं होतं, आणि गाणं हजार हातांत गेलं होतं.

इबा बाह मॉर्निंगच्या घरी गेली. त्यांनी रीतीप्रमाणे तिच्यापुढे सुपारी ठेवली. ती हातात घेताच तिला रडू फुटलं.

"रडू नकोस, पोरी. गाणं चांगलं होतं," ते म्हणाले. "आपलं होतं तोवर फार चांगलं होतं."

"छत्री…"

"खांदा दुखतो हल्ली. भिजून चालत नाही." आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शानबोर निघाला त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सुमोच्या टपावर सामान बांधलं जात होतं.

"चल माझ्याबरोबर."

"मी धाकटी आहे."

"मग मला थांब म्हण. एकदा म्हण, मी सामान उतरवतो."

तो उतरवेल, याची तिला खात्री होती. पांढऱ्या खोलीत राहायलाही येईल. आणि मग ती चुलीपाशी काही गुणगुणली की त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे जाईल, ती गप्प होईल, तो काही बोलणार नाही… वर्षानुवर्षं. ती म्हणाली नाही.

"निदान एक गाणं तरी म्हण. माझ्यासाठी."

बऱ्याच दिवसांत तिला काही सुचलं नव्हतं. पण तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तिथल्या तिथे चार ओळी आल्या, गाड्यांच्या गोंगाटात त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाहीत अशा. त्याचा हात खिशाकडे गेला, थांबला, आणि रिकामाच परत आला. त्याने तो तिच्या केसांवर ठेवला.

सुमो वळणाआड गेली. इबा घरी येऊन पिठाला बसली.

हिवाळ्यात त्याचा फोन आला. आवाज दमलेला होता. काम बरं आहे म्हणाला. जेवण तिखट असतं म्हणाला.

"इबा, ते गाणं… निघताना म्हटलेलं. पहिली ओळ आठवते, दुसरी काही केल्या येत नाही. फार प्रयत्न केला. काय होती?"

चुलीवर भात रटरटत होता. तिच्या ओठांवर चारही ओळी जशाच्या तशा होत्या. रोज सकाळी पीठ मळताना ती त्याच म्हणत असे.

"मलाही नाही रे आठवत," ती म्हणाली.